साफ कागद आणि मिरगीची गोळी

आमच्या बोथच्या बाजूला या रोगाला कोणी फेफरे म्हणतो, कोणी मिरगी. पुस्तकात तो अपस्मार. झटका आला की कोणी कांदा हुंगवतो, कोणी चप्पल नाकाशी धरतो. झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो आणि श्रेय मात्र चपलेला मिळते!

आमच्या वर्गातील एका मुलाला असे दोन झटके आले. वडिलांनी शहरात नेऊन मेंदूचा आलेख, म्हणजे ई. ई. जी., काढविला. त्यात दोष दिसला नाही, तरी डॉक्टरांनी गोळी सुरू केली. वडील आम्हांस म्हणाले, "मास्तरसाब, कागद साफ आहे, मग गोळी कशाला?" पदवीधर असूनही आम्ही मान डोलावली. गोळी सुटली. तिसऱ्या आठवड्यात मुलगा ओढ्यात पडला. कपडे धुणाऱ्या बायांनी ओढून काढला म्हणून वाचला. त्यानंतर हा विषय आम्ही मुळातून वाचून काढला.

मेंदूतील पेशींचा व्यवहार सूक्ष्म विजेवर चालतो. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या डोक्यावरून ही वीज प्रथम टिपली व १९२९ मध्ये ते प्रसिद्ध केले. डोळे मिटून स्वस्थ बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या मागील भागी सेकंदाला सुमारे ८ ते १३ लहरी उमटतात. झटक्यात असंख्य पेशी एका ठेक्यात एकदम उसळतात. वाचता वाचता क्षणभर शून्यात पाहणारे मूल आपण बेफिकीर ठरवितो. अशा काही मुलांच्या आलेखात त्या क्षणी सेकंदाला ३ या गतीच्या टोकदार लहरी सापडतात. आम्ही किती कान पिळले असतील, कोण जाणे.

परंतु आलेख साधारण अर्ध्या तासाचा. तेवढ्यात उसळी आली नाही तर कागद साफच निघणार! म्हणून झटका कसा आला, हे पाहणाऱ्याने डॉक्टरांना नीट सांगणे फार मोलाचे असते.

गोळी ही उसळी दाबून ठेवते, रोग उपटून काढीत नाही. म्हणून ती रोज हवी. योग्य औषधाने दहांपैकी सुमारे सात रोग्यांचे झटके थांबू शकतात. निदान दोन वर्षे झटक्यावाचून गेल्यावर ती कमी करावी की नाही हे डॉक्टर ठरवितात, आणि तीही हळूहळू. एकाएकी सोडल्यास झटक्यामागून झटके येऊन जिवावर बेतते. रमजानात गोळीची वेळ व झोप दोन्ही बदलतात, तेव्हा रोजे धरण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे.

झटक्यात रोग्याला कुशीवर वळवावे, तोंडात काही घालू नये, आणि पाच मिनिटांत न थांबल्यास तडक दवाखाना गाठावा.

तो मुलगा आता दहावीत आहे. "गोळी घेतलीस का?" असे आम्ही रोज विचारतो, आणि तो रोज वैतागतो.