‘पश्चिमा’ : एका सागरी शेवाळाचे नामकरण

खाडीच्या मुखाशी ओहोटीच्या वेळी खडकांवर पोकळ नळ्यांसारखे हिरवे शेवाळ पसरलेले आढळते. ते ‘उल्वा’ या वंशातील होय. जगभर आढळणाऱ्या ‘उल्वा इंटेस्टिनॅलिस’ व ‘उल्वा कॉम्प्रेसा’ याच दोन जाती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरही असाव्यात, असे समजण्यात येत असे.

हा समज स्वाभाविकच होता. पाण्याची क्षारता बदलली की या शेवाळाचे रूप पालटते. कोठे त्याला शाखा फुटतात, कोठे फुटत नाहीत. केवळ डोळ्यांवर विसंबणाऱ्यास एकाच जातीचे दोन नमुने परके वाटावेत आणि दोन जातींचे नमुने सारखे दिसावेत, अशी स्थिती असते. १७५३ साली लिनियसने नलिकाकार व पसरट अशी दोन्ही शेवाळे ‘उल्वा’ वंशात ठेवली होती. पुढे नलिकाकार जातींसाठी ‘एंटेरोमॉर्फा’ हा निराळा वंश कल्पिण्यात आला. शिक्षकांना हे नाव पाठ्यपुस्तकांतून परिचित असेल. २००३ साली डीएनएच्या पुराव्यावरून तो पुन्हा ‘उल्वा’त विलीन करण्यात आला. लिनियसचेच खरे ठरले!

बठिंडा येथील पंजाब केंद्रीय विद्यापीठातील फेलिक्स बास्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम किनाऱ्याच्या सुमारे ६०० किलोमीटर पट्ट्यातून नमुने गोळा केले. त्यांच्या पेशीकेंद्रातील डीएनएचा ‘आयटीएस’ हा भाग तपासण्यात आला. तो झपाट्याने बदलत असल्याने जवळच्या जातींतील भेदही त्यात उमटतो. भारतीय नमुने वरील दोहोंपैकी एकाही जातीत बसेनात. त्यांची स्वतंत्र शाखा झाली आणि नाते जुळले ते ‘उल्वा फ्लेक्सुओसा’शी. २०१४ साली ‘उल्वा पश्चिमा’ ही नवी जाती प्रसिद्ध झाली.

अशा नावास आंतरराष्ट्रीय संहितेची बंधने असतात. जातीचा प्रमाण-नमुना वनस्पतिसंग्रहात जतन करावा लागतो व वर्णन प्रसिद्ध करावे लागते. हे वर्णन लॅटिनमध्येच असण्याची सक्ती २०१२ पासून उठली, इंग्रजीही चालते. नावाचे रूप लॅटिन वळणाचे असले, तरी मूळ शब्द कोणत्याही भाषेतला चालतो. म्हणूनच संस्कृत ‘पश्चिमा’ला तेथे स्थान मिळाले.

नावाचा हा प्रश्न केवळ संग्रहालयापुरता नाही. २००८ साली चीनमधील चिंगदाओ येथे ऑलिंपिकच्या शिडाच्या नौकांच्या शर्यतींपूर्वी ‘उल्वा प्रोलिफेरा’ने समुद्र व्यापला आणि लक्षावधी टन शेवाळ उपसावे लागले. ‘पश्चिमा’ही असाच बहर आणणारी जाती आहे. शेवाळ परके असेल, तर ते कोणत्या मार्गाने आले हे शोधावे लागते. ते इथलेच असेल, तर पाहायचे ते खाडीत उतरणाऱ्या सांडपाण्याकडे व शेतांतून वाहून येणाऱ्या खतांकडे.