विमा सर्वांना, पण बाळंतपणासाठी दार कोणते?

पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत शेती व कारखानदारी शेजारी शेजारी नांदत आहेत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, दौंडचे रेल्वे जंक्शन, घोड व भीमा नद्यांच्या खोऱ्यांतील उसाचे मळे आणि गळीत हंगामात तेथे उतरणाऱ्या तोडणी मजुरांच्या टोळ्या, असे हे संमिश्र जीवन आहे. यांपैकी प्रत्येक थरासाठी उपचारखर्चाची व्यवस्था वेगळी आहे आणि स्त्रीच्या आरोग्याच्या बाबतीत हा वेगळेपणा विशेष जाणवतो.

राज्यातील आठ जिल्ह्यांत २०१२ साली सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढील वर्षी राज्यभर लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२४ पासून शिधापत्रिकेच्या रंगाची अट दूर होऊन प्रत्येक कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळू लागले. ही सुधारणा मोठी आहे, यात शंका नाही. तथापि ही योजना मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या, यादीत नमूद असलेल्या उपचारांसाठी आहे. गरोदरपणातील नियमित तपासणी, गर्भनिरोधक साधने, गुप्तरोगांवरील बाह्यरुग्ण उपचार या गोष्टी तिच्या कक्षेत येत नाहीत. केवळ कार्डाच्या भरवशावर खासगी प्रसूतिगृह गाठणाऱ्या कुटुंबाला हा फरक देयक हाती पडल्यावरच उमगावा, असा प्रसंग येऊ देता कामा नये.

नेहमीच्या बाळंतपणाचे दार सार्वजनिक आरोग्य संस्थेचे आहे. २०११ च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार तेथे प्रसूती, मग ती शस्त्रक्रियेने झालेली असली तरीही, विनामूल्य आहे. औषधे, तपासण्या, रक्त, रुग्णालयातील आहार, घरून नेणे व परत पोहोचविणे हेही त्यातच येते. दर महिन्याच्या ९ तारखेला डॉक्टरांकडून गर्भवतींची तपासणी करण्याची प्रथा २०१६ पासून आहे. यासाठी विम्याचे कोणतेही कार्ड लागत नाही.

कारखान्यातील स्त्री कामगाराची गोष्ट निराळी. कर्मचारी राज्य विमा योजनेत केवळ उपचारच नव्हे, तर बुडालेला पगारही भरून मिळतो. वेतनमर्यादा १ जानेवारी २०१७ पासून पंधरा हजारांवरून एकवीस हजार रुपये झाली. त्याच वर्षी प्रसूतिलाभाचा काळ १२ वरून २६ आठवड्यांवर गेला. दोन हयात अपत्ये असल्यास मात्र तो १२ आठवडेच राहतो. गर्भपात झाल्यास सहा आठवड्यांचा लाभ आहे. यासाठी लगतच्या दोन अंशदान कालखंडांत किमान ७० दिवसांचे अंशदान जमा असावे लागते. खरी अडचण येथेच उद्भवते. ठेकेदारामार्फत लागलेली आणि दर काही महिन्यांनी ठेकेदार बदलणारी तरुणी आपले अंशदान भरले जाते की नाही हे क्वचितच पाहते. ठेकेदाराने टाळले तरी ते भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर आहे, हे तिला सांगावयास हवे. विमाधारक पुरुषाच्या पत्नीस उपचार मिळतात, प्रसूतिकाळाचे वेतन मात्र नाही.

गर्भपाताविषयी गैरसमज अधिक. १९७१ चा कायदा २०२१ मध्ये सुधारण्यात आला. २० आठवड्यांपर्यंत एका व विशिष्ट परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची सही कायदा मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये अविवाहित स्त्रीलाही हा २४ आठवड्यांचा अधिकार असल्याचे स्पष्ट केले. गर्भलिंगनिदानास बंदी करणारा १९९४ चा कायदा वेगळा आहे. दोहोंची गल्लत झाल्याने गरजू स्त्री परत पाठविली जाते, हे खेदजनक होय.

ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांचा प्रश्न सर्वांत बिकट म्हणावा लागेल. बीड जिल्ह्यात २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पाहणी केली. सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढण्यात आल्याचे तीत दिसून आले. कामाचा खाडा पडल्यास होणारा दंड, शेतातील अस्वच्छता, पाळीच्या त्रासावर वेळीच साधे उपचार न मिळणे आणि खासगी डॉक्टरांचा तडकाफडकी सल्ला, यांतून हे घडले. पाच लाखांच्या संरक्षणाने शस्त्रक्रियेचा खर्च भागेलही, पण ती मुळात टाळण्यासाठी लागणारी तपासणी मळ्यापर्यंत पोहोचावी लागेल.

म्हणून टोळी शिवारात उतरताच कोपीवरील गर्भवतींची व आजारी स्त्रियांची नोंद आशा कार्यकर्तीच्या वहीत होणे अगत्याचे आहे. त्यांची शिधापत्रिका दुसऱ्या जिल्ह्याची असली, तरी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत तपासणी व प्रसूती होऊ शकते. मुकादमाकडून टोळीची यादी मागवून ती केंद्राला देण्याचे काम ग्रामपंचायतीला कोयता चालू होण्यापूर्वीच करता येईल.