वाफेच्या नांगराचा मेळा

इंग्लंडमधील डॉरसेट परगण्यात १९६९ साली जुन्या कृषियंत्रांचा वार्षिक मेळा सुरू झाला. मायकेल ऑलिव्हर यांनी तो वाढविला व पुढे त्यांचे पुत्र मार्टिन यांनी धुरा वाहिली.

येथे यंत्रे नुसती मांडून ठेवीत नसत. ती कामास जुंपीत. शेताच्या दोन टोकांस वाफेची दोन इंजिने उभी राहत आणि पोलादी दोराने नांगर आळीपाळीने आपल्याकडे ओढून घेत. अवजड इंजिन वावरात शिरत नसल्याने जमीन दबत नसे. वाफेच्या नांगराबद्दल जॉन फाउलर यांना १८५८ साली ५०० पौंडांचे पारितोषिक मिळाले होते. शेजारी पट्ट्यावर मळणीयंत्र फिरे व थोराड घोडे औत ओढीत.

वाढत्या खर्चामुळे २०२४ साली हा मेळा भरविता आला नाही. यंत्रे जपून ठेवता येतील. परंतु दोर केव्हा ओढावा, वाफेचा दाब किती राखावा, हे जाणणारे हात कामातूनच तयार होतात. तिफणीच्या चाड्यावर मूठ धरणाऱ्या आपल्या वृद्ध शेतकऱ्यांविषयीही हेच खरे आहे. ग्रामसेवकांनी पेरणीपूर्वी एक दिवस गावातील जुनी अवजारे प्रत्यक्ष वावरात चालवावीत आणि तरुणांच्या हाती द्यावीत.