ट्रॉलीमागचा हमाल

रविवारी संध्याकाळी चांदणी चौकातून भूगावकडे उतरणाऱ्या स्कूटर जरा निरखून बघा. पायाशी तांदळाची दहा किलोची पिशवी, त्यामुळे चालवणाऱ्याचे गुडघे दोन्ही बाजूंना फाकलेले. हँडलला लटकवलेल्या पिशव्या. मागे बसलेल्या बाईंच्या मांडीवर तेलाचा कॅन आणि त्यावर हनुवटीने दाबून धरलेला साबणांचा गठ्ठा. मध्ये कुठेतरी एक पोर, बिस्किटाचा पुडा फोडून बसलेलं. खड्डा आला की आधी कॅन सांभाळला जातो, मग पोर. पूर्वी हेच काम करायला वाण्याकडे एक पोऱ्या असायचा. मळकी हाफ पँट, मागे लोखंडी कॅरिअरची सायकल, आणि महिन्याचा पगार. तो पोऱ्या आता आपण झालो आहोत. पगार मिळत नाही, सूट मिळते.

मी स्वतः महिन्यातून एकदा सवलतीच्या दुकानाच्या ह्या मोहिमेवर जातो, तेव्हा स्कूटरवाल्यांना हसायचा अधिकार मला नाही.

भूगाव हे मुळशी तालुक्यातलं गाव. पुण्याहून पौड रस्त्याने निघालं की बावधननंतरचं. रामनदी खाटपेवाडीच्या तलावाकडून येते आणि इथून पुढे बावधन, पाषाणला जाते. 2017 च्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीचा आखाडा इथे भरला आणि अभिजित कटकेने गदा उचलली, तेव्हा पुण्याबाहेरच्या बऱ्याच लोकांना गावाचं नाव कळलं. एरवी मुळशीची ओळख भाताची. आंबेमोहोर, नंतर इंद्रायणी. ज्याचं खाचर त्याचा तांदूळ, वर्षभराचा, घरातच. दुकानातून आणायचं ते जे शेतात पिकत नाही तेच: मीठ, तेल, चहापत्ती, साखर, काडेपेटी. किराण्याची यादी पोस्टकार्डावर मावेल एवढी. मग खाचरांवर सोसायट्या आल्या. बावधन बुद्रुक 2021 मध्ये पुणे महापालिकेत गेलं, भूगाव ग्रामपंचायतीतच राहिलं, पण रस्त्याला त्याचा पत्ता नाही. इमारतींची रांग तशीच पुढे भुकूमकडे गेलेली दिसते. ज्या घरांतून तांदूळ शहरात जायचा, त्यांतल्या कितीतरी घरांत आता तो छापील पिशवीतून येतो.

अशा जागी मोठं सवलतीचं दुकान म्हणजे काय चीज आहे, ते समजून घ्यायचं तर डी-मार्टच्या गोष्टीला पर्याय नाही. ही गोष्ट अस्सल मुंबईची आहे आणि तिची सुरुवात, गंमत म्हणजे, सहकारातून होते. 1948 मध्ये नायगावात गिरणी कामगारांनी स्वस्त धान्यासाठी काढलेल्या सहकारी संस्थेतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. शेअर बाजारातले मुरलेले गुंतवणूकदार राधाकिशन दमाणी यांनी किराण्याच्या धंद्यात पाऊल टाकलं ते ह्याच अपना बाजारची नेरूळमधली एक शाखा चालवायला घेऊन. ती पद्धत त्यांना पटली नाही. 2002 मध्ये पवईला त्यांनी स्वतःचं पहिलं दुकान उघडलं. पुढे वर्षानुवर्षं वाढ इतकी सावकाश की स्पर्धक हसत असणार. ‘बिग बझार’ देशभर पसरत होता, ‘सुभिक्षा’ गल्लोगल्ली शाखा काढत होता. 2009 मध्ये सुभिक्षाचं शटर पडलं. 2022 मध्ये बिग बझारच्या मोक्याच्या जागा रिलायन्सकडे गेल्या. डी-मार्टची दुकानं मार्च 2017 अखेर 131 होती, मार्च 2025 अखेर 415 झाली, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रात.

टिकण्याचं गमक जमिनीत आहे. बाकीचे भाड्याच्या जागेत, बहुतेक मॉलमध्ये बसले. ह्यांनी शक्य तिथे जागा विकतच घेतली, नाहीतर दीर्घ मुदतीच्या करारावर. भाडं नाही म्हणजे दर महिन्याच्या एक तारखेचा घोर नाही. जमीन विकून मोकळं झालेलं गाव आणि जमीन घेऊन मगच गल्ला मांडणारं दुकान, असा हा संबंध आहे. कुणी कुणाला काय शिकवलं ते ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरं गमक उधारीचं. कंपन्यांचे पैसे महिना-दोन महिने अडकवून ठेवण्याची ह्या धंद्यात रीत आहे. डी-मार्टने ते आठवडा-दीड आठवड्यात चुकते करण्याची सवय ठेवली आणि त्या बदल्यात भाव पाडून घेतला. माल आणायचा तोही धावणारा; जो खपत नाही त्याला फळीवर जागा नाही. म्हणून तिथे साबणाचे चाळीस प्रकार सापडत नाहीत. 2024-25 मध्ये कंपनीची विक्री 59 हजार कोटींच्या पुढे होती आणि निव्वळ नफा 2,707 कोटी. म्हणजे आपण शंभर रुपये मोजले तर सगळं जाऊन त्यांच्या हाती साडेचार रुपये. एवढ्याशा फटीतून एवढा मोठा डोंगर उभा राहतो तो फक्त गर्दीच्या जोरावर.

आणि हो, बादल्यांच्या जोरावर. विक्रीतला निम्म्याहून जास्त वाटा खाण्यापिण्याच्या वस्तूंचा असला तरी त्यात मार्जिन जेमतेम. कपडे, भांडी, प्लास्टिकचे डबे, चादरी, पायपुसणी ह्यांचा वाटा पाव हिश्शाहून थोडा कमी, पण खरी मलई तिथे. तूरडाळ हे आमंत्रण आहे. जेवणावळ पायपुसण्यांची आहे. मी यादी घेऊन जातो. यादीत सतरा वस्तू असतात. बिल होतं एकतीस वस्तूंचं. मागच्या खेपेला घरी येऊन पाहिलं तर नारळ खवायचं एक यंत्र होतं. आमच्याकडे विळी आहे, खवणीसकट. ते यंत्र ट्रॉलीत कुणी टाकलं, ह्यावर घरात आजतागायत एकमत झालेलं नाही.

सूट कशावर मोजायची, हाही एक मजेदार मामला आहे. आपल्याकडे पाकिटावर कमाल किरकोळ किंमत छापण्याची कायद्याने सक्ती आहे. तिच्यापेक्षा जास्त घेता येत नाही, कमी कितीही घ्यावं. हा नियम ग्राहकाला लुटीपासून वाचवण्यासाठी आला. पण छापलेला आकडा ही कमाल मर्यादा न राहता ‘खरी किंमत’ होऊन बसला, आणि त्याच्या शेजारी छोटा आकडा लावला की माणसाला काहीतरी कमावल्याचा आनंद होतो. फळीवरच्या चिठ्ठीवर दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात. कोपऱ्यावरचा वाणीही ओळखीच्या गिऱ्हाइकाला दोन-चार रुपये सोडतोच, पण तो ते तोंडी सोडतो. तोंडी सोडलेल्या पैशांची बेरीज कुणी करत नाही.

हा वाणी, म्हणजे गावाच्या भाषेत शेठ, काय काय करायचा ते आठवून बघा. यादी वाचायचा, त्यात ‘नेहमीचा चहा’ असं लिहिलेलं असलं तरी त्याला कळायचं. माल निवडून, तोलून, पुड्या बांधायचा. कागदाचा द्रोण करून त्यात जिरे ओतणं आणि दोऱ्याला शेवटचा झटका देऊन तो तोडणं, हे बघत लहानपणी आमचा अर्धा तास जायचा. माल घरी पोचवायचा. घरात जागा नसेल तर ‘अर्धं आत्ता, अर्धं पंधरा तारखेला’ चालवून घ्यायचा. आणि पैसे वहीत मांडायचा. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात कारकून, मापाडी, हमाल, गोदामवाला आणि सावकार. सवलतीच्या दुकानाने ह्यातलं एकेक काम अलगद उचलून गिऱ्हाइकाच्या गळ्यात घातलं. फळीवरून आपण काढायचं, ट्रॉली आपण ढकलायची, रांगेत आपण उभं राहायचं, गाडीत आपण भरायचं, आणि तीन महिने पुरेल एवढा कपडे धुण्याचा साबण आपल्याच माळ्यावर ठेवायचा. चौरस फुटाला काही हजार रुपये मोजून घेतलेल्या फ्लॅटमध्ये आपण त्यांचं गोदाम बिनभाड्याने चालवतो. बिलावर जी बचत दिसते ती खरीच असते. फक्त ती सूट नव्हे, मजुरी आहे.

मजुरी मिळते म्हणून तक्रार नाही. पण ह्याच मजुरीचा दुसरा एक हिशेब महाराष्ट्रात आधी मांडून झालेला आहे. बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली आणि 1975 मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. त्यात सुधीर फडकेही होते. तिथे शेजारपाजारच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची मागणी फॉर्मवर एकत्र भरायची, माल एका घरी उतरायचा आणि सभासदांनी तो आपसात वाटून घ्यायचा. घाम तिथेही गिऱ्हाइकाचाच. फरक इतकाच की एका दिवाणखान्यात दहा-बारा घरच्या बायका-पुरुष पोत्यांभोवती बसून एकमेकांचं सामान लावत असत, आणि वाचलेला पैसा वाटपातच दिसायचा. तिथे पायपुसणी खुणावत नसत. आमच्या सोसायटीत सव्वाशे घरं आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर हापूसच्या पेट्या एकत्र मागवल्या जातात, तांदळाच्या गोणी मात्र नाहीत. का, ते मला कळलेलं नाही. बहुधा ट्रॉली ढकलणं ही आता रविवारची सहल झाली आहे, आणि सहल दुसऱ्यावर सोपवता येत नाही.

आठवत असेल तर 2012 च्या सप्टेंबरात किरकोळ व्यापारात परकीय भांडवल येणार म्हणून देशभर बंद झाला होता. वॉलमार्ट येईल आणि कोपऱ्यावरचा वाणी गिळून टाकेल, अशी भीती होती. आर्कान्सातल्या रॉजर्स गावात 1962 मध्ये निघालेल्या त्या दुकानाची युक्ती तीच: रोजच कमी भाव, सेल वगैरे नाही. वॉलमार्टची गिऱ्हाइकांची दुकानं आपल्याकडे आलीच नाहीत. युक्ती मात्र आली, देशी कपड्यांत, आणि तिच्या विरोधात कुणी दुकान बंद ठेवलं नाही. 2017 च्या मार्चमध्ये 299 रुपयांना विकलेला डी-मार्टचा शेअर पहिल्याच दिवशी दुपटीवर उघडला तेव्हा तर कितीतरी मध्यमवर्गीय घरांना आपण ट्रॉली ढकलतो त्याच दुकानाचे मालक व्हायची हौस वाटली.

ह्या सगळ्यात जिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही ती बाई आमच्याच सोसायटीत धुणंभांडी करते. तिला स्वस्त दुकान माहीत आहे, पण तिथे जायला गाडी नाही, बसचं भाडं आहे, आणि पाच लिटर तेलाचे पैसे एकदम कधीच हातात नसतात. ती पाव लिटर तेल घेते, दहाची चहाची पुडी घेते, शाम्पूची पुडी घेते, आणि सगळं छापील किमतीला. पिरंगुटच्या कारखान्यांत रोजंदारीवर जाणाऱ्यांचंही तेच. जो जास्त घेऊ शकतो त्याला स्वस्त, ज्याच्याकडे कमी त्याला महाग. तिला महिनाअखेरीस सामान उधार मिळतं ते शेठकडेच. मी माझी मोठी यादी दुसरीकडे नेली, त्यामुळे शेठचा बरा धंदा गेला आणि उधारीचा उरला. तिची वही तो आणखी किती दिवस चालवील, हा प्रश्न मला ट्रॉली ढकलताना पडत नाही. तिच्याकडे बघून पडतो.

शेठही काही बसून राहिलेला नाही. कंपनीचा वितरक देतो त्याहून कमी भावात सवलतीच्या दुकानात माल मिळतो हे कळल्यावर काही दुकानदार स्वतःच तिथे ट्रॉली घेऊन उभे राहू लागले. आमच्याकडचे शेठ आता भाजी ठेवतात, दूध ठेवतात, क्यूआर कोड लावलाय, आणि रात्री साडेदहाला शटर अर्धं खाली ओढून खालून ब्रेड देतात. सुट्या पोह्यांचा त्यांच्याकडचा दर्जा अजून पाकिटातल्या पोह्यांना नाही, हे माझं वैयक्तिक मत आहे आणि त्यावर मी वाद घालायला तयार आहे.

मधल्या काळात डी-मार्टलाही घाम फुटला. दहा मिनिटांत सामान दारात आणणारी ॲप आली. 2024 च्या ऑक्टोबरात तिमाहीचे आकडे आले तेव्हा मोठ्या शहरांतल्या गर्दीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतो आहे, हे कंपनीनेच सांगितलं आणि शेअर एका दिवसात आपटला. मजुरी करण्याचा कंटाळा येणारे लोकही शहरात पुष्कळ निघाले. त्यांच्यासाठी सायकलवरचा पोऱ्या परत आला आहे. हाफ पँट गेली, रंगीत टी-शर्ट आला, पगार गेला, दर खेपेचा दर आला.

परवा संध्याकाळी मी शेठकडे हिंग घ्यायला गेलो होतो. असा एक मुलगा स्कूटर चालू ठेवूनच पायरीपाशी थांबला, पाठीवर भलीमोठी पिशवी, हातात मोबाइल. नकाशा त्याला ओढ्याच्या पलीकडे नेत होता.

“काका, हा बी विंग कुठं येतो?”

शेठ माझं हिंग तोलत होते. त्यांनी काट्यावरची नजर काढली नाही.

“मंदिराच्या मागून वर जा, दुसरं गेट. तिसऱ्या मजल्यावर बेल बंद आहे, दार वाजव.”