छत्तीस सेकंदांची विडी आणि दहा हजार घरं

दहा तासांत हजार विड्या. म्हणजे दर ३६ सेकंदांना एक! आणि या ३६ सेकंदांत काय काय मावतं ते बघा. भिजवून मऊ केलेलं तेंदूपान पत्र्याच्या फर्म्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, त्यावर चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची, बोटांच्या एका फिरकीत सुरळी वळायची, तोंड नखानं आत दुमडायचं, दोरा बांधायचा. मांडीवर सूप, नजर पोराच्या वहीवर, आणि हात चालूच.

सोलापूरच्या पूर्व भागात हे काम पिढ्यान् पिढ्या चालत आलंय. तेलंगणातून पोटापाण्यासाठी आलेली पद्मशाली कुटुंबं इथं स्थिरावली. पुरुष मागावर, बायका विडीवर. एक स्थलांतर तेव्हा झालं होतं. मला थक्क करतं ते दुसरं, शहरातून जेमतेम दहा-बारा किलोमीटरवर झालेलं.

ते समजून घ्यायचं तर आधी एक साधा प्रश्न विचारू. विडीचा कारखाना असतो कुठं? कंपनीच्या शाखेत पान, तंबाखू आणि दोरा मिळतो. तिथंच तयार विड्या तपासून घेतात. पण विडी वळली जाते घरात. ज्या भाड्याच्या खोलीत स्वयंपाक, त्याच खोलीत ओली पानं, तिथंच तंबाखूची धूळ आणि तिथंच झोपलेलं तान्हं मूल. म्हणजे कारखान्याचं भाडं कोण भरत होतं? मजूर बाईच! तिनं स्वतःचं घर मागितलं, तेव्हा ती कामाची जागाही मागत होती. मला ही मागणी फार रास्त वाटते.

आता पुढची गंमत. १९७६ साली विडी कामगार कल्याण निधीचा कायदा झाला. तयार होणाऱ्या दर हजार विड्यांमागे एक छोटासा उपकर घ्यायचा आणि त्यातून कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी अनुदान द्यायचं, अशी ही योजना. म्हणजे २०१७ मध्ये उपकर बंद होईपर्यंत बाई विडी वळे, त्या विडीवर कर बसे, तो दिल्लीला जाई आणि तिच्या घराच्या भिंतीसाठी परत येऊ शके. उपकार कसला त्यात? तिच्याच बोटांतून निघालेला पैसा की तो!

पण तो आपोआप परत येत नसे. आधी सिद्ध करावं लागे की मी विडी कामगार आहे. घरी बसून काम करणाऱ्या बाईनं हे कसं सिद्ध करायचं? इथं एका साध्या ओळखपत्राला सोन्याचं मोल येतं. कार्ड असेल तर सरकारदरबारी तुम्ही आहात, नाहीतर नाही.

आणि एकटीनं अर्ज केला तर? एका घराचं अनुदान, एका घराची जमीन, एका घरासाठी रस्ता आणि नळ. कुणी हलणार नाही. म्हणून बायकांनी एकत्र येऊन सहकारी गृहनिर्माण संस्था काढली आणि थेट दहा हजार घरं मागितली. माकपचे नेते आणि आमदार राहिलेले नरसय्या आडम, म्हणजे सोलापूरचे आडम मास्तर, या लढ्याच्या पुढे होते. संस्थेला नाव दिलं गोदूताई परुळेकरांचं. वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभं करणाऱ्या त्याच गोदूताई. मोर्चे निघाले, सरकारं बदलली, मागणी तीच राहिली.

अखेर जमलेलं गणित इतकं सोपं आहे की विश्वास बसत नाही. घराची किंमत ६० हजार. केंद्राचे २० हजार, राज्याचे २० हजार आणि बाईचे स्वतःचे २० हजार. तीन सारखे वाटे! ज्या बाईच्या घरात दिवसाची मजुरी दिवसातच संपते, ती केंद्र सरकारच्या बरोबरीची वाटेकरी झाली. तिसरा वाटा जमा करताना काय काय पोटाला चिमटे घेतले असतील, ते तीच जाणे.

१ सप्टेंबर २००६. अक्कलकोट रस्त्यावरच्या कुंभारीला पंतप्रधान मनमोहन सिंग आले आणि वसाहत बायकांच्या हाती आली. सोलापूरकर तिला विडी घरकुल म्हणतात. रिक्षावाल्याला एवढंच सांगितलं तरी पुरतं.

इथं थांबायचं की नाही? थांबले नाहीत! त्याच कुंभारीत रे नगर उभं राहिलं, ३० हजार घरांचं. या खेपेला प्रधानमंत्री आवास योजनेतून. घरामागे केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, उरलेले कुटुंबाचे. आता यादीत विडीवाल्यांच्या जोडीला यंत्रमाग कामगार होते, फेरीवाले, कचरावेचक, चालक होते. ९ जानेवारी २०१९ ला नरेंद्र मोदींच्या हस्ते पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ ला त्यांच्याच हस्ते पहिली १५ हजार घरं लोकांना मिळाली. पंतप्रधान बदलले, पक्ष बदलले, पण कुंभारीची वाट सगळ्यांनाच धरावी लागली.

दोन्ही मिळून ४० हजार घरं. घरटी चारच माणसं धरली तरी दीड लाखाच्या वर. २०११ च्या जनगणनेत पंढरपूर शहराची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. म्हणजे सगळी घरं भरली की विठोबाच्या पंढरीहून मोठी वस्ती कुंभारीच्या माळावर नांदेल!