घड्याळाचा आकडा आणि पायांची भाषा

“सायकल चालवण्यात शिकण्यासारखे काय आहे?” असे मित्र मला विचारतात. घर ते महाविद्यालय एवढ्यापुरता त्यांचा प्रश्न रास्त आहे. परंतु लांब पल्ल्यात शक्ती पुरवून वापरणे हीच खरी विद्या. २०१७ साली नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या मुदतीत एकट्याने पूर्ण केली. ते वाचून मलाही हुरूप आला. दोनशे किलोमीटरच्या ‘ब्रेव्हे’ला साडेतेरा तासांची मुदत असते. अमरावतीहून अकोल्याला जाऊन परत येणे म्हणजे जवळजवळ तेवढेच अंतर!

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. गुणांच्या जोरावरच इथवर आलो, त्यामुळे आकड्यांवर माझी भारी श्रद्धा. गेल्या मार्चमध्ये नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ उसने घेऊन मी पहाटे पाचला निघालो. २२० वजा वय, म्हणजे माझी कमाल मर्यादा २०१, हे पाठ होते. जाताना ताशी बावीसचा वेग आणि १४० ठोके. सारे झकास! परतताना ऊन तापले. वेग तोच ठेवला, तर ठोके १६५ वर गेले. मर्यादा अजून दूर आहे, असे म्हणून मी पायडल मारीतच राहिलो. तोंडाला कोरड पडली, भर उन्हात अंगावर काटा आला. अखेर काटेपूर्णेचा पूल ओलांडल्यावर पोटऱ्यांत गोळे आले आणि सायकल मालवाहू गाडीत टाकून घरी यावे लागले.

घड्याळ खोटे नव्हते. घामाने रक्तातले पाणी कमी होते, शिवाय अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते. म्हणून तेवढ्याच कामाला हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. आणि २२० चे सूत्र ही केवळ सरासरी. एकाच वयाच्या दोघांत दहा-पंधरा ठोक्यांचा फरक सहज पडतो.

मग जाणिवेवरच विसंबावे काय? तेही नाही. पहाटेच्या गारव्यात पाय हलके वाटतात आणि माणूस उधळतो; तिथे घड्याळच लगाम घालते. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तर श्रमाच्या जाणिवेसाठीच ६ ते २० अशी मोजपट्टी तयार केली. १३ म्हणजे ‘काहीसे कष्टाचे’. निरोगी तरुणाचे ठोके तेव्हा अंदाजे त्याच्या दहापट, म्हणजे १३० असतात. जाणीव १६ सांगते आणि घड्याळ १३०, किंवा याच्या उलट, तर कुठेतरी बिनसले आहे असे समजावे. सोपी कसोटी हवी असेल, तर एक पूर्ण वाक्य न धापता बोलून पाहावे.

माझी फजिती ऐकून बाबा हसले. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस व्हावा, हा कृषी विभागाचा सल्ला ते मानतात. तरीही वावरात जाऊन माती मुठीत दाबून वाफसा पाहतातच. म्हणाले, “पाऊस किती पडला ते मोज, पन मूठ दाबल्याबिगर तिफन नको जुपू.”

तेव्हापासून माझ्या वहीत दोन रकाने आहेत : एकात ठोके, दुसऱ्यात जाणीव. दिवाळीनंतर त्याच रस्त्याने गेलो आणि बारा तास चाळीस मिनिटांत परत आलो. पहिले दोन तास घड्याळाचे ऐकले. ऊन चढल्यावर अंगाचे.