उतरवलेल्या ट्यूबलाइटचे करायचे काय?

संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यातील गोष्ट. सातवीत शिकणारा एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. उजव्या हाताच्या दोन बोटांना खोलवर कापले होते. जखम धुताना आत काचेच्या कणांबरोबर पांढरी भुकटी दिसली, म्हणून विचारले, "कशाने कापलं रे?" मुलगा खाली मान घालून गप्प. शेवटी आईच म्हणाली, "मांज्यासाठी ट्यूबा फोडत होते, डॉक्टर. तुमच्याच मागच्या भिंतीपाशी पडल्या होत्या त्या."

आता गप्प बसण्याची पाळी माझी होती.

झाले होते असे. दिवाळीपूर्वी मी दवाखान्यातील आणि वरच्या घरातील मिळून १४ जुन्या ट्यूब काढून एलईडीच्या बसवून घेतल्या. जुनी ४० वॅटची ट्यूब तिच्या तांब्याच्या चोकसह पन्नासच्या आसपास वॅट वीज खाते, एलईडीची तेवढ्याच उजेडाला वीस वॅटमध्ये भागते. बिलात फरक पडला, आनंद झाला. वायरमनने चोक आपल्या पिशवीत घातले, कारण तांब्याला भाव आहे. ट्यूब मात्र "याला कोणी विचारत नाही, साहेब" म्हणून मागच्या भिंतीला टेकवून ठेवल्या. मी कंपाउंडरला सांगितले, "बघा जरा त्यांचं," आणि विसरलो. तीस वर्षे डॉक्टरकी करणाऱ्या माणसाने विसरावी अशी ही गोष्ट नव्हती, कारण त्या ट्यूबमध्ये पारा असतो हे मला पक्के ठाऊक होते.

ट्यूबच्या आत थोडासा पारा आणि वायू अगदी कमी दाबाखाली भरलेला असतो. वीज सुरू झाली की पाऱ्याच्या वाफेतून अतिनील किरण निघतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत. काचेला आतून लावलेल्या पांढऱ्या भुकटीवर ते पडले की ती उजळते आणि आपल्याला उजेड मिळतो. सीएफएलही याच जातीचा, फक्त नळी वळवून आखूड केलेली. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्यांतही बहुधा पारा असतोच. आपला जुना पिवळा गोळा मात्र यातून सुटला. त्यात तार असते, पारा नसतो. एलईडीतही पारा नाही. ट्यूब जसजशी जुनी होते तसतसा पारा त्या पांढऱ्या भुकटीत आणि काचेत मुरत जातो. म्हणून पोरे ज्याला चुना समजतात ती भुकटीच खरी जपण्याची वस्तू.

पारा असतो तरी किती? घरगुती सीएफएलमध्ये साधारण ३ ते ५ मिलिग्रॅम, जुन्या जाड ट्यूबमध्ये १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त. आमच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम पारा असे, म्हणजे शंभरेक सीएफएलइतका. तेव्हा घरात एखादी ट्यूब फुटली म्हणून रात्री बारा वाजता डॉक्टरला उठवण्याचे कारण नाही. मात्र आठ-दहा ट्यूब एका बंद खोलीत बसून कुटल्या, किंवा भंगाराच्या गोदामात रोज शंभर फोडल्या, तर गोष्ट वेगळी होते.

पाऱ्याची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. धातूच्या रूपातील पारा चुकून गिळला गेला तर आतड्यांतून जवळजवळ शोषला जात नाही, शौचावाटे निघून जातो. थर्मामीटर चावून फोडणाऱ्या मुलांच्या घाबरलेल्या आयांना मी हेच सांगत आलो आहे. पण तोच पारा वाफ होऊन श्वासातून गेला, तर फुप्फुसे त्यातला ८० टक्क्यांच्या आसपास भाग रक्तात घेतात. तेथून तो मेंदूत आणि मूत्रपिंडात जाऊन बसतो. गर्भवतीच्या पोटातील बाळापर्यंतही पोचतो. या वाफेला वास नाही, रंग नाही, घशाला ठसकाही नाही. आणि पाऱ्याची वाफ व्हायला चूल लागत नाही, ती खोलीच्या साध्या तापमानालाही होत राहते.

आता मांज्याकडे येऊ. पोरांची पद्धत तुम्हाला ठाऊकच असेल. काच खलबत्त्यात कुटायची, फडक्यातून गाळायची, आणि सरस किंवा भाताची खळ शिजवून त्यात रंगाबरोबर ती घालायची. ट्यूबची काच पातळ, चटकन कुटली जाते, म्हणून तिला मागणी. म्हणजे पाहा, कुटताना भुकटी नाकाशी उडते, गाळताना उडते, आणि शेवटी ती गरम खळीत पडते, तेव्हा पारा आणखी वेगाने उडतो. हे सारे घरच्यांचा ओरडा नको म्हणून दार लावून! पारा घालवण्याची नव्हे, पारा हुंगण्याची याहून सोयीची रीत सापडणे कठीण. शिवाय ट्यूबमध्ये दाब कमी असल्याने ती फुटताना काचा उडतात, आणि डोळा हा बोटासारखा शिवता येत नाही.

"ट्यूबची पावडर लागली की जखम भरत नाही," असे आपल्याकडे म्हणतात. याचे मूळ जुने आहे. १९४० च्या दशकात ट्यूबच्या भुकटीत बेरिलियम नावाचा धातू वापरत, आणि त्याने होणाऱ्या जखमा खरोखरच महिनोन् महिने चिघळत. तो वापर १९४९ च्या सुमारास अमेरिकेत बंद झाला. आजच्या ट्यूबने कापले तर वाहत्या पाण्याखाली जखम भरपूर धुवावी, काच आत राहिली नाही ना हे डॉक्टरकडून पाहून घ्यावे आणि धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे. हळद, चुना, तंबाखू यातले काहीही आत दाबू नये.

आमच्या त्या मुलाला चार टाके पडले. खोकला, ताप काही नव्हते, हात थरथरत नव्हते. त्याच्याबरोबरच्या दोघांनाही बोलावून तपासले. पोरांनी आठ ट्यूब नेल्या होत्या, पण तीनच फोडून झाल्या होत्या आणि त्याही अंगणात. नशीब त्यांचे आणि माझे. सगळ्यांचे नशीब असे नसते. १९८७ साली अमेरिकेतील बालरोगाच्या एका मासिकात दोन वर्षेही पूर्ण न झालेल्या एका मुलाची हकीकत आली होती. भूक गेलेली, वजन उतरलेले, सारखी किरकिर, अंगाला धो धो घाम, हातापायांची बोटे लाल होऊन सोलपटलेली. निदान झाले पाऱ्याच्या विषबाधेचे, आणि शोध घेतल्यावर कारण निघाले फुटलेल्या ट्यूबलाइट. अशी लक्षणे घेऊन मूल आले तर आपल्यापैकी किती डॉक्टर ट्यूबची चौकशी करतील? मी तरी आजवर केली नव्हती.

मोठ्या माणसांत बंद जागेत बऱ्याच ट्यूब फुटल्यावर काही तासांत खोकला, ताप, छातीत आवळल्यासारखे होणे, तोंडाला धातूची चव, असे दिसू शकते. थोडा थोडा पारा महिनोन् महिने जात राहिला तर हात कापतात, अक्षर बिघडते, हिरड्यांतून रक्त येते, लाळ सुटते, झोप उडते, आणि शांत माणूस चिडका किंवा बुजरा होतो. भंगाराच्या धंद्यातील माणसाला असे काही होत असेल तर त्याने आपले काम काय आहे ते डॉक्टरला आधी सांगावे. लघवीतील पाऱ्याची तपासणी करता येते. अंगातून पारा काढण्याची औषधे आहेत, पण ती तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यायची असतात.

घरात दिवा फुटला तर पहिले काम मुलांना आणि गरोदर बाईला खोलीबाहेर काढणे. पंखा बंद करा, खिडक्या-दारे उघडा आणि दहा-पंधरा मिनिटे तुम्हीही बाहेर थांबा. मग केरसुणी घेऊ नका. केरसुणीने भुकटी घरभर होते आणि केरसुणीतही अडकून राहते. जाड पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांनी काचा गोळा करा, बारीक कण चिकटपट्टीने टिपा, शेवटी ओल्या कागदाने फरशी पुसा. हे सारे झाकणाच्या बरणीत घालून बरणी घराबाहेर ठेवा. हात साबणाने धुवा, खिडक्या आणखी काही तास उघड्या राहू द्या. गादीवर किंवा चादरीवर दिवा फुटला असेल तर चादर झटकू नका, धुवायलाही टाकू नका, कारण बाकीच्या कपड्यांना तेच लागेल. ती टाकूनच द्यावी. आणि सकाळी अंगणातला केर पेटवण्याची ज्यांना सवय आहे त्यांनी त्यात ट्यूब वा सीएफएल कधीही टाकू नये.

न फुटलेली ट्यूब काहीही करत नाही. सगळे जपायचे ते एवढ्यासाठीच. नवी एलईडी ट्यूब ज्या लांब पुठ्ठ्याच्या खोक्यातून येते, त्यात जुनी बहुतेक वेळा बरोबर बसते. ती तशी घालून माळ्यावर आडवी ठेवावी. पुढे काय, हा प्रश्न अवघड आहे हे मी कबूल करतो. ट्यूब आणि सीएफएल यांना २०१६ च्या घनकचरा नियमांत घरगुती घातक कचरा म्हणून वेगळे धरले गेले, त्याच वर्षीच्या ई-कचरा नियमांतही पाऱ्याचे दिवे आले. २०२२ चे नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि जबाबदारी उत्पादकावर आहे. कागदावर सारे आहे. मी घंटागाडीवाल्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, "द्या की, फोडून टाकतो." दोष त्याचा नाही, त्याला कोणी सांगितलेलेच नाही, आणि हातमोजेही दिलेले नाहीत.

म्हणून शाळा, बँका, मंगल कार्यालये, नगरपालिका, जेथे शेकड्यांनी दिवे बदलले जातात, तेथील मंडळींना माझे सांगणे आहे की नव्या दिव्यांची ऑर्डर देतानाच जुन्यांची सोय ठरवा. काढलेले दिवे न फोडता, नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे पोचवून त्याची पावती द्यायची, ही अट कंत्राटात घाला. चोकचे तांबे न्यायला ठेकेदार विसरत नाही, मग ट्यूबही न्याव्यात. गावातील चार शाळा आणि दोन बँका एकत्र आल्या तर एक गाडीभर माल होतो, आणि तेवढ्यासाठी माणूस येऊ शकतो. घरच्या दोन-चार ट्यूब त्याच गाडीत जातील. हे आताच करायला हवे, कारण २०२३ साली जिनिव्हात पाऱ्यासंबंधीच्या मिनामाता कराराच्या बैठकीत ट्यूबलाइटचे उत्पादन आणि आयात-निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचे ठरले आहे. म्हणजे भिंतींवर उरलेल्या ट्यूब या काही वर्षांत उतरणार. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे चोक आणि कपॅसिटर असतील तर तेही फोडू वा जाळू नयेत. त्यांतल्या काहींत वेगळेच विषारी तेल असे.

माझ्या उरलेल्या सहा ट्यूब आणि पोरांकडून परत आणलेल्या पाच, अशा अकरा आता खोक्यांत घालून माळ्यावर ठेवल्या आहेत. फोडलेल्या तिन्हींच्या काचा आणि भुकटी एका बरणीत आहे.

टाके काढायच्या दिवशी त्या मुलाची आई पिशवीत काहीतरी जड घेऊन आली. दगडी खलबत्ता होता. "सासूबाईंचा आहे डॉक्टर, घासून, उन्हात ठेवून वापरला तर चालेल का?" दगडाला बारीक छिद्रे असतात, त्यात ती भुकटी बसलेली असणार. मी म्हटले, "लसणाला, मसाल्याला आता नको. घराबाहेर ठेवा." तिने तो पुन्हा पिशवीत घातला आणि मुलाकडे अशा नजरेने पाहिले, की धनुर्वाताचे इंजेक्शन त्याला बरे वाटले असेल.